पार्करन: पैसे शून्य, शिस्त कडक, आणि सगळी परीक्षा शेवटच्या वीस मीटरांत

शहरातल्या बागेत दीड-दोनशे माणसं पाच किलोमीटर पळवायची आणि दुपारच्या आत प्रत्येकाला त्याचा क्रमांक नि वेळ कळवायची, एवढंच काम करणारी पार्करन ही सेवा आहे. नोंदणीला पैसे नाहीत, पळायला पैसे नाहीत. बिब, म्हणजे कपड्यावर लावायचा क्रमांकाचा कागद, नाही, पदक नाही, शेवटी हातात कोंबलेलं केळंही नाही. लंडन, सिंगापूर, सिडनी, मेलबर्नला राहणाऱ्या मराठी मंडळींनी शनिवारी सकाळी एकदा जाऊन यावं, हे तर सांगायचं आहेच. पण आपल्या गावातल्या उद्यानात किंवा टेकडीवर छोटी क्रॉसकंट्री, म्हणजे गवता-मातीवरची शर्यत, घेऊ पाहणाऱ्यांना इथून उचलण्यासारखं जास्त आहे. निकाल लावायची इतकी स्वस्त आणि इतकी तपासता येणारी पद्धत दुसरी नाही, असं आमचं मत आहे. ती कुठे तुटते हेही नीट माहीत असायला हवं.

सुरुवात २ ऑक्टोबर २००४ची. लंडनच्या बुशी पार्कमध्ये पॉल सिंटन-ह्यूइट यांनी पहिली धाव भरवली तेव्हा पळणारे १३ जण होते. क्रमांकासाठी टोकन म्हणून हार्डवेअरच्या दुकानातले वॉशर. पुढे वॉशर जाऊन बारकोड छापलेले प्लास्टिकचे तुकडे आले, कागद-पेन्सिल जाऊन फोनमधलं अ‍ॅप आलं, पण आतली रचना तीच राहिली. बुशी पार्कला आता हजाराच्या वर माणसं येतात आणि तिथेही ना वेळ नोंदवणारी चिप लागते, ना ती वाचणारी मॅट.

पळायला जाणाऱ्यांसाठी

नोंदणी संकेतस्थळावर, आयुष्यात एकदाच. वय किमान ४ वर्षं हवं. नोंदणी झाली की 'ए' अक्षराने सुरू होणारा क्रमांक आणि त्याचा बारकोड मिळतो. हाच बारकोड जगातल्या कुठल्याही पार्करनला चालतो. सिंगापूरला नोंदवलेला माणूस लंडनला गेला तर नव्याने काही करावं लागत नाही.

बारकोड विसरलात तर पळू देतात, पण निकालात तुमच्या जागी 'अनोळखी' असं पडतं आणि तिथे कुणाचंही काही चालत नाही. फोनवरचा बारकोड चालतो. तरी कागदावर छापलेला किंवा मनगटपट्टीवरचा बरा, कारण त्यावर अडीअडचणीला कुणाला फोन करायचा तो नंबरही असतो. चक्कर येऊन पडलेल्या माणसाचा कुलूपबंद फोन कुणाच्या उपयोगाचा? फोनच न्यायचा असेल तर बारकोडचा स्क्रीनशॉट आधी काढून ठेवा आणि स्क्रीनचा उजेड पूर्ण वाढवा. तडा गेलेली काच आणि घामाचे थेंब स्कॅनरला आवडत नाहीत. छापलेला कागद खिशात भिजून लगदा होतो, म्हणून त्याला लॅमिनेशन करून घ्या किंवा पारदर्शक चिकटपट्टी लावा.

वेळा देशाप्रमाणे बदलतात. इंग्लंडमध्ये सकाळी ९, स्कॉटलंडमध्ये ९:३०, सिंगापुरात ७:३०, आणि ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंडमध्ये तर ७ वाजताच. नवख्यांसाठी वेगळी माहिती सुरुवातीआधी देतात, म्हणून पंधरा मिनिटं आधी पोचलेलं चांगलं. ११ वर्षांखालचं मूल असेल तर मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहूनच पळायचं असतं. मूल पुढे सुटलं आणि बाबा मागे धापा टाकताहेत, हे तिथे चालवून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे. मुलांना मोकळं पळायचं असेल तर ४ ते १४ वयोगटासाठी रविवारी वेगळी २ किलोमीटरची धाव असते. जिथे कुत्र्याला परवानगी आहे तिथेही एकच कुत्रा आणि तोही हातात धरलेल्या आखूड पट्ट्याने. कमरेला बांधलेला पट्टा चालत नाही.

चालणाऱ्यांची सोय खरंच चांगली आहे. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक ठरवून चालत असतो, त्यामुळे शेवटचा नंबर नेहमी त्याचाच लागतो. 'मी शेवटी आले तर?' म्हणून घरी बसणाऱ्या आईला किंवा सासूबाईंना एवढं सांगितलं तरी पुरतं.

लंडनमध्ये मार्ग निवडायला भरपूर वाव आहे. बुशी पार्क सपाट आणि वेगवान, पण सुरुवातीला गर्दी प्रचंड. आपल्या वेगाच्या माणसांत उभं राहिलं नाही तर पहिला किलोमीटर कोपरं सांभाळण्यात जातो. उद्यानात हरणं मोकळी फिरतात, त्यांना वाट द्यावी लागते. क्रॉसकंट्रीची चव हवी असेल तर विम्बल्डन कॉमन किंवा हॅम्पस्टेड हीथ गाठावं. विम्बल्डनला झाडीतल्या मातीच्या वाटा आणि थंडीत भरपूर चिखल, हॅम्पस्टेडला चढ-उतार. तिथल्याच पार्लमेंट हिलच्या मैदानावर इंग्लंडची राष्ट्रीय क्रॉसकंट्री स्पर्धा अनेकदा झाली आहे, यावरून त्या गवताची कल्पना यावी. नोव्हेंबर ते मार्च या दिवसांत रस्त्यावरचे बूट तिथे घालू नका. तळाला ४ ते ६ मिलिमीटर खोल दाते असलेले ट्रेल बूट हवेत, आणि लेस दुहेरी गाठीने बांधलेली. चिखल बूट ओढून घेतो तो नेहमी सैल टाचेचाच.

एक तक्रार नोंदवायलाच हवी. ही शर्यत नाही असं पार्करन पुन्हा पुन्हा सांगतं, आणि फेब्रुवारी २०२४मध्ये संकेतस्थळावरून मार्गाचे विक्रम, सर्वांत वेगवानांच्या याद्या असली आकडेवारी काढूनही टाकली. नवख्याला धाक वाटू नये हा हेतू समजतो. पण स्वतःची वेळ, क्रमांक आणि वयाच्या मानाने ती वेळ किती चांगली हे सांगणारी टक्केवारी अजून मिळतेच; मग विक्रमाची एक ओळ कुणाला टोचत होती? वेगाने पळणाऱ्यांनाही बागेत तितकीच जागा असावी.

निकाल कसा लागतो

पद्धत तीन ठिकाणांवर उभी आहे. रेषेवर उभा असलेला वेळ घेणारा प्रत्येक माणूस रेषा ओलांडताना बटण दाबतो. त्याच्याकडे फक्त वेळा जमतात: पहिला १७:४२, दुसरा १७:५५, अशा. कोण आलं हे त्याला माहीत नसतं आणि त्याने ते बघायचंही नसतं. रेषेच्या पुढे दोऱ्यांनी आखलेली निमुळती वाट असते, तिला फनेल म्हणतात. त्यातून माणसं आली त्याच क्रमाने चालत पुढे जातात, आणि शेवटी उभा असलेला स्वयंसेवक प्रत्येकाला पुढच्या क्रमांकाचं टोकन देतो. मग तिसऱ्या ठिकाणी आधी माणसाचा बारकोड आणि नंतर टोकन स्कॅन होतं. एक यादी म्हणते '५०व्या क्रमांकाची वेळ २६:१०', दुसरी म्हणते '५० नंबरचं टोकन या माणसाकडे'. दोन्ही जुळवल्या की निकाल तयार.

यात नावाचा आणि वेळेचा संबंध फक्त क्रमावरून लागतो, हे ध्यानात ठेवा. फनेलमध्ये क्रम मोडला की मागचा सगळा निकाल सरकतो. म्हणून पाच किलोमीटरच्या मार्गावर दहा माणसं उभी करून शेवटच्या वीस मीटरांवर एकच नवखा पोरगा ठेवणारा आयोजक दुपारभर डोकं धरून बसतो.

चुका कशा होतात ते उदाहरणाने बघू. ५०वा माणूस आला आणि वेळ घेणाऱ्याचा अंगठा दोनदा पडला. यादीत एक फुकटची वेळ घुसली. ती ५१व्याला मिळाली, ५१व्याची खरी वेळ ५२व्याला, आणि असं शेवटपर्यंत. मागच्या सगळ्यांची वेळ दोन-चार सेकंदांनी सुधारलेली दिसते. तक्रार मात्र एकही येत नाही, कारण फुकटचे सेकंद कुणाला नको असतात! उलट, दोघं खांद्याला खांदा लावून आले आणि बटण एकदाच दाबलं गेलं, तर मागच्या प्रत्येकाला त्याच्या मागच्याची वेळ मिळते. आता सगळ्यांची वेळ खराब, आणि मनगटावरची घड्याळं पुढे करून लोक टेबलाभोवती जमतात. म्हणजे तक्रारींच्या आवाजावरूनच चूक कुठल्या दिशेची आहे ते कळतं.

टोकनच्या बाजूलाही अशीच जोडी आहे. रेषा ओलांडून एखादा दोरीखालून निसटला आणि टोकन न घेताच पाण्याकडे गेला, तर त्याचं टोकन पुढच्याला जातं. परिणाम बटण दोनदा दाबल्यासारखाच, मागच्यांच्या वेळा सुधारतात. दोन टोकनं एकमेकांना चिकटून एकाच्याच हातात गेली, तर परिणाम बटण चुकल्यासारखा.

इथेच दुसरा वेळ घेणारा का लागतो ते कळतं. लोकांना वाटतं तो पहिल्याचा फोन बंद पडला तर म्हणून. तसा तो उपयोगी आहेच. पण समजा शर्यत संपली तेव्हा वेळा १६१ आणि शेवटचं टोकन १६०. जास्तीची वेळ अंगठ्याची की निसटलेल्या माणसाची? एका यादीवरून हे कधीच ठरत नाही. दुसऱ्या घड्याळातही १६१ असतील तर माणूस निसटला. तिथे १६० असतील तर अंगठा. दोन्ही वेळ घेणाऱ्यांनी मात्र एकमेकांशी बोलत राहू नये. बोलले की दोघांची चूक एकाच जागी होते.

चूक कुठे झाली हे शोधायला आणखी एक माणूस लागतो, आकडे जुळवणारा. दर वीस-पंचवीस माणसांनी तो एकाला हेरतो, शक्यतो भडक शर्टवाल्याला, आणि त्याने रेषा ओलांडताना घड्याळावर कितवा आकडा होता आणि त्याला टोकन कितवं मिळालं हे लिहून ठेवतो. ८०ला दोन्ही जुळले आणि १०५ला एकाचा फरक पडला, तर बिघाड मधल्या पंचवीस ओळींत. तेवढ्यातच एकाच सेकंदात पडलेल्या दोन वेळा शोधायच्या. हा माणूस नसेल तर दोनशे ओळी तपासा आणि अंदाज मारा.

फनेल आखताना

तोंडाशी तीन मीटर रुंद, पुढे निमुळतं होत एका माणसाच्या रुंदीचं, म्हणजे ८० सेंटिमीटर ते १ मीटर. यापेक्षा रुंद ठेवलं तर मागचा पुढच्याच्या शेजारी येतो आणि गप्पा मारता मारता पुढेही जातो. लांबी दीडशे-दोनशे माणसांसाठी १५ ते २० मीटर. हिशेब असा: टोकन देणाऱ्याला एका माणसामागे साधारण चार सेकंद लागतात, म्हणजे मिनिटाला पंधरा. पाच किलोमीटरच्या धावेत २४ ते ३२ मिनिटांच्या दरम्यान लोंढा येतो. तेव्हा मिनिटाला वीस माणसं आली तर दर मिनिटाला पाच जण आत साठतात. वीस मीटरांत दाटीने उभी राहिली तर पंचवीस-तीस माणसं मावतात. पाच-सहा मिनिटं लोंढा टिकला की रांग रेषेला भिडते. रांग रेषेवर आली की मागून येणारा रेषेआधीच थांबतो, आणि मग वेळ कसली आणि क्रम कसला.

उपाय दोन. टोकन देणाऱ्याशेजारी मदतनीस ठेवायचा. तो पुढची दहा टोकनं सुटी करून हातावर क्रमाने तयार ठेवतो, आणि चार सेकंदांचे अडीच होतात. तेवढ्याने भागत नसेल तर दोन रांगांचं फनेल. तोंडाशी एक झुलती दोरी: डावी रांग भरली की दोरी फिरवून लोंढा उजवीकडे वळवायचा, आणि डावी पूर्ण रिकामी झाल्याशिवाय उजवीतल्या पहिल्याला टोकन द्यायचं नाही. दोरी धरणारा भावनाशून्य हवा. 'आम्ही दोघं नवरा-बायको आहोत, एकाच रांगेत जाऊ द्या' हे त्याला ऐकू येता कामा नये.

फनेलमध्ये आपला माणूस फिरता हवा: 'थांबू नका, चालत राहा, पुढे जाऊ नका' एवढी तीन वाक्यं बोलत राहणारा. रेषा ओलांडल्यावर गुडघ्यांवर हात ठेवून वाकणारे, मागे वळून मैत्रिणीचा फोटो काढणारे, मित्राला सोबत म्हणून दुसऱ्यांदा रेषा ओलांडणारे, सगळे त्याच्या वाट्याला. दुसऱ्यांदा येणाऱ्याला दोरीबाहेरूनच वळवायचं. तो आत शिरलाच आणि त्याच्यासाठी बटण दाबलं गेलं असेल, तर त्याला टोकनही द्यायचं आणि ते स्कॅन न करता बाजूला ठेवायचं. दोन्ही यादींत एक-एक जास्त, म्हणजे क्रम शाबूत. निकालात एक 'अनोळखी' वाढतो, बस.

स्कॅनिंगची जागा फनेलपासून दहा-पंधरा पावलं दूर ठेवा. एका माणसाला पाच-सहा सेकंद लागतात, आणि बारकोड सापडत नाही म्हणून चाचपडणारे धरले तर एक स्कॅनर मिनिटाला आठ-दहांच्या पुढे जात नाही. दीडशे माणसांना तीन फोन हवेत. इथे क्रमाची चिंता नसते, टोकन हातात आलेलं असतं, त्यामुळे गर्दी झाली तरी बिघडत नाही. टोकन परत घेणाऱ्याने मात्र बादली घेऊन तिथेच उभं राहायचं. खिशातून घरी गेलेलं टोकन ही पार्करनच्या स्वयंसेवकांची जुनी डोकेदुखी आहे. पुढच्या आठवड्यात माळेत ८७ नसतं, देणाऱ्याच्या ध्यानात येत नाही, आणि ८६ नंतर ८८ जातं.

पाऊस असेल तर फोनवर वेळ घेऊ नका. ओल्या काचेवर थेंबसुद्धा बटण दाबतो आणि दुहेरी वेळांचा पाऊस पडतो तो वेगळाच. खरं बटण असलेलं, दोन-तीनशे वेळा साठवणारं स्टॉपवॉच तेव्हा कामाला येतं. कोरड्या दिवशी फोन चालतो, पण एअरप्लेन मोडवर. ऐन लोंढ्यात आलेला फोन अ‍ॅपवर चढून बसतो.

आपल्याकडे वापरायचं तर

पार्करनचं नाव, बारकोड आणि निकालाची यंत्रणा खासगी शर्यतीला मिळत नाही. पद्धत मात्र उचलता येते, आणि उलट बिब असल्यामुळे आपलं काम सोपं होतं. लॅमिनेट केलेली कार्डं १ ते २००, कोपऱ्यात भोक पाडून तारेत ओवलेली, गळ्यात अडकवायची. क्रम आदल्या रात्री दोघांनी वेगवेगळा तपासायचा. ६, ९, ६६, ९९, ८६, ९८ अशा आकड्यांखाली जाड रेघ मारा, आकडे इंग्रजी असतील तर. घाईत कार्ड उलटं धरलं जातंच.

दुसरा मार्ग फाडायच्या पट्टीचं बिब. फनेलच्या शेवटी बिबची खालची पट्टी फाडून सळईत ओवायची. पहिला सगळ्यांत खाली. शंभरापर्यंत हा मार्ग टोकनपेक्षाही सुटसुटीत, कारण परत काही गोळा करावं लागत नाही. मात्र पट्टीवर नाव, वयोगट आणि संघ आधीच लिहिलेले हवेत, नाहीतर टेबलावर यादीत शोधाशोध सुरू होते. आणि बिब पोटावरच लावायला सांगा. पाठीवर लावलेल्याला फनेलमध्ये गोल फिरवावं लागतं.

सांघिक निकाल ही पार्करनमध्ये नसलेली, क्रॉसकंट्रीची खरी गंमत. जागतिक क्रॉसकंट्रीत संघाच्या सहा जणांपैकी पहिल्या चौघांच्या क्रमांकांची बेरीज होते, कमी बेरीज जिंकते. बरोबरी झाली तर ज्या संघाचा चौथा माणूस पुढे, तो संघ वर. टोकनवरचा आकडा थेट बेरजेत टाकता येतो. वेळ बंद पडली तरी सांघिक निकाल लागतो, हा मोठा आधार. शाळांच्या शर्यतीत तर आम्ही म्हणू, वेळा पहिल्या दहाच्या घ्या आणि बाकी क्रमांकावर निभावा.

मार्गाबद्दल जागतिक अ‍ॅथलेटिक्स संघटनेचे नियम वाचून काढावेत, छोट्या शर्यतीलाही उपयोगी पडतात. फेरी १५०० ते २००० मीटरची, शक्यतो गवतावर, प्रत्येक फेरीत एकूण चढ किमान १० मीटर, सुरुवातीच्या ३०० मीटरांत अरुंद जागा नको, डांबर ओलांडणं शक्यतो टाळायचं. लाल झेंडा पळणाऱ्याच्या डाव्या हाताला, पांढरा उजव्या. १२५ मीटरवरून दिसले पाहिजेत. आपल्याकडे झेंड्यांच्या जोडीला फक्की मारावी, पण कळीच्या चुन्याची नको. घसरून पडलेल्या मुलाच्या डोळ्यात गेली तर पंचाईत, शिवाय गवत जळतं ते वेगळं. खडूची पूड पुरते.

फेऱ्यांच्या मार्गात एक चूक हमखास होते. अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या असतील तर पुढचा पळणारा १७ मिनिटांत संपवतो, आणि चालत आलेल्यांची पहिली फेरी २५ मिनिटांच्या आसपास संपते, म्हणजे ऐन लोंढ्यात. शेवटची रेषा फेरीच्या वाटेवरच आखली असेल तर हे पहिल्या फेरीवाले सरळ फनेलमध्ये शिरतात. म्हणून शेवटची वाट फेरीपासून ५० मीटर आधी फुटलेली हवी आणि फाट्यावर मोठ्या आवाजाचा माणूस: 'पहिली फेरी डावीकडे, संपवणारे उजवीकडे.' फलक लावा, पण दमलेला माणूस फलक वाचत नाही हे धरून चाला.

आपल्या बागांमध्ये सकाळी फिरायला येणारे काका-काकू फनेलमधून निवांत चालत जातात, आणि त्यांना अडवणं इंग्लंडपेक्षा इथे अवघड आहे. रेषा फाटकापासून आणि कट्ट्यांपासून लांब ठेवणं हाच इलाज. भटक्या कुत्र्यांसाठी आदल्या दिवशी त्याच वेळी मार्गावर चक्कर मारा. कुठला कोपरा त्यांचा आहे ते कळतं. काळ्या मातीवर पावसाळ्यात शर्यत ठेवू नका. बुटाला किलो-किलोचा लगदा चिकटतो आणि चिखलाचे दातेही कामाला येत नाहीत. मुरमाड टेकडी चालेल, मात्र उतारावर सुटी खडी झाडून घ्यावी लागते. पुण्यात जानेवारीत सूर्य सातनंतर उगवतो, तेव्हा साडेसहाची सुरुवात कागदावर छान दिसते तेवढीच. परवानगी महापालिकेच्या उद्यान विभागाची. टेकडी वनखात्याची असेल तर त्यांची. भोंग्यासाठी पोलिसांची वेगळी. पार्करनलाही जागेच्या मालकाची मर्जी सुटलेली नाही: २०१६मध्ये इंग्लंडमधल्या स्टोक गिफर्डच्या स्थानिक परिषदेने लिटल स्टोकच्या धावेकडून पैसे मागायचं ठरवलं, पार्करनने फी घ्यायला नकार दिला, आणि ती धाव बंद पडली.

चिप लावायची का, हा प्रश्न शेवटी येतोच. दीडशे माणसांसाठी नको. गवतावर मॅट पसरायची, वीज न्यायची, आणि कंपनी किमान आकार लावणार तो वेगळा. बिबमागची चिप घडी पडली, घामाने अंगाला चिकटली किंवा खिशात गेली तर वाचली जात नाही. पाणी त्या लहरी शोषून घेतं. तेव्हा हाताने घेतलेली यादी सोबत ठेवावीच लागते, मग चिपने वाचवलं काय? चारशेच्या पुढे, किंवा पाच-दहा मिनिटांच्या फरकाने वेगवेगळे वयोगट सोडून ते एकाच फनेलमध्ये मिसळणार असतील, तर मात्र चिपवाल्याला बोलवा. त्याच्याकडून दोन गोष्टी आधी लिहून घ्या: मॅटची दुसरी जोडी राखीव आणणार का, आणि न वाचलेल्या बिबांचा निकाल तो कशावरून लावणार.